मंजे, कमॉन

खुशीनं काठीच्या चिरलेल्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, दातानं तोडली आणि काठी आपल्याच गुडघ्यावर आपटून पाहिली. आवाज फुटका आला नाही. आजच्यापुरतं निभेल.

मंचामागच्या कापडी आडोशात चौघं दाटीवाटीनं बसले होते. विपुल गिटारच्या तारा पिळत होता. रोहित बास मांडीवर घेऊन मोबाईल पाहत होता. आणि मनोज, खुशीचा मोठा भाऊ, मान वर करून कोमट पाण्याच्या गुळण्या करत होता. गाणारा तोच. त्या आवाजाला गाणं म्हणायचं की नाही यावर मात्र घरापासून गावापर्यंत वाद होता.

पडदा बाजूला सारून ओमप्रकाश सर आत आले. अकोल्याच्या या कॉलेजच्या मैदानावर दुपारपासून व्यसनमुक्तीचा युवा मेळावा चालला होता आणि तो सगळा सरांनीच उभा केला होता. दोन भाषणं झाली, एक पथनाट्य झालं. पोरं मधूनच उठून जाऊ नयेत म्हणून शेवटाला अमरावतीहून रॉक बँड बोलावला होता.

"ढेकूणवाले तुम्हीच ना?"

"ढेकूळ, सर," विपुल म्हणाला. "वावरातलं. मातीचं."

"हो, हो, तेच. तुमचं ते गाणं पाहिलं मी मोबाईलवर. 'दारू नोको, कमॉन!' काय संदेश आहे! तरुणांच्या भाषेत, त्यांच्याच आवाजात. तेच घ्या पहिलं."

रोहितला ठसका लागला. विपुलनं गिटारमध्ये तोंड खुपसलं. सरांच्या मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या छातीवर 'मी व्यसनमुक्त' असा बिल्ला होता आणि डाव्या गालात तंबाखूचा खर्रा होता. खुशीला तो फुगलेला गाल पहिल्याच नजरेत दिसला. तिनं मनोजकडे पाहिलं. आता तरी हा बोलेल, असं तिला वाटलं.

मनोजनं गुळणी बाहेर थुंकली, तोंड पुसलं. "बरं सर," म्हणाला.

सर गेले तसा रोहित फुटला. "दारू नोको? मंजे आपन आता दारूबंदीवाले झालो का बे?"

"मले तं वर्षभर 'भाऊ नोको'च ऐकू येते," विपुल म्हणाला. "भाऊ नोको. मंजे, कमॉन. म्हनजे आपलं असं का, भाऊ, राहू दे, चल आता."

"मंजे नाई ते," रोहित म्हणाला. "मंडे हाय. मंडे, कमॉन! सोमवारी कंपनीत जा लागते नं त्याले, त्याचा राग हाय तो."

"इंग्रजी गानं हाय का ते?"

"अर्धं हाय. कमॉन काय संस्कृत हाय का?"

दोघं हसले. खुशी हसली नाही. "दादा, आता सांगून टाक नं खरं काय ते. उद्या पेपरात 'दारू नोको' छापून येईन."

"येऊ दे."

"पन बोल काय हायेत?"

"तुले ठोकता येते नं? मंग ठोक," मनोज म्हणाला. "बोल समजाचे नसतात. ज्याले जे ऐकू येते ते त्याचं."

खुशीनं हातातली काठी जमिनीवर आपटली. चिकटपट्टी पुन्हा सुटली. तिचं असंच व्हायचं. राग आधी हातात यायचा, मग डोक्यात. वर्षभर ती या माणसाच्या पाठीमागे बसून ढोल बडवत होती, त्याच्या प्रत्येक श्वासावर काठी टाकत होती आणि तो काय ओरडतो ते तिला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. मनोज नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात मागांवर कामाला होता. त्या खडखडाटात दुसऱ्या माणसाला हाक मारायची तर पोटातून आवाज काढावा लागतो. तिथं त्याचा गळा असा झाला. सरावाला ते विपुलच्या घरच्या संत्र्याच्या गोदामात जमायचे, आणि विपुलचे वडील, खुशालराव, दर वेळी दाराशी येऊन तेच विचारायचे, "गाऊन राहिले का म्हैस व्याली?"

खिशातला मोबाईल थरथरला. खुशीनं पाठ वळवून पाहिलं.

'आली. पानपोईच्या बाजूनं उभी हाव. पिवळा स्कार्फ.'

तिनं मोबाईल खिशात कोंबला.  मग हळूच भावाकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता.

मंजुषा. त्यांची बहीण. मनोजहून लहान, खुशीहून मोठी.

दोन दसरे होऊन गेले होते त्या गोष्टीला. सणाच्या तोंडावर मोर्शी रोडवरच्या त्यांच्या वावरात झेंडूची तोडणी चालली होती. मंजुषा आणि मनोज एकाच सरीत, ती या टोकाकडून, तो त्या टोकाकडून, फुलं तोडत मधे येत होते. खुशी विहिरीपाशी डिझेल इंजिनाला खेटून बसली होती आणि तोडलेल्या फुलांवर पाणी शिंपडत होती. त्या इंजिनाच्या धडधडीवर टोपल्याच्या बुडाशी बोटं वाजवायची तिला लहानपणापासून सवय. ढोल ती तिथंच शिकली. मंजुषानं टोपलं खाली ठेवलं आणि सडकेकडे चालायला लागली. घाई नाही काही नाही. पाणी प्यायला जावं तशी. सडकेवर किशोर मोटरसायकल घेऊन उभा होता. अकोल्याचा, फ्रिज दुरुस्त करणारा, दुसऱ्या जातीचा. मनोजच्या ध्यानात आलं तोवर तिनं हेल्मेट घातलं होतं. तो उभा झेंडू तुडवत धावला. सडकेवर पोचला तेव्हा गाडी निघाली होती. मग तो सडकेच्या मधोमध उभा राहून, मानेच्या शिरा तट्ट फुगवून ओरडला.

"येऊ नोको!"

खुशीनं आपल्या कानांनी ऐकलं होतं.

घरी आल्यावर त्यानं मंजुषाच्या कपाटाचा आरसा फोडला. सहदेव, त्यांचे बाबा, ओट्यावर बसूनच म्हणाले, आजपासून या घरात तिचं नाव निघणार नाही. निघालं नाही. माणिकबाई, त्यांची आई, एकदोनदा सवयीनं पाचवं ताट वाढायला गेली, मग तीही शिकली. शाळेत एका पोरीनं विचारलं, "पयाली ते तुहीच बहीन नं वं?" आणि खुशीनं जेवणाचा डबा तिच्या तोंडावर हाणला. हेडसरांनी वडिलांना घेऊन ये म्हणून सांगितलं. वडिलांना काय सांगून आणणार? ती दप्तर घेऊन घरी आली ती परत गेलीच नाही. कोणी पाठवलंही नाही.

मग एकदा अनोळखी नंबरवरून फोन आला होता.

"खुशे, मी बोलून राहिली. कापू नोको फोन." बाईमाणसाचा आवाज, दबलेला. "दादा मागून काय बोंबलून राहिला होता वं? हेल्मेटात काईच ऐकू नाई आलं मले."

खुशीचं डोकं त्या दिवसांत सदाच तापलेलं. "'येऊ नोको' म्हने. दुसरं काय म्हनन? ओवायन का तुले?"

 मग, "बरं."

ती आली नाही. बाळंतपणालाही नाही. लेक झाली, तेव्हा शेजारची कोणी आशाबाई तिच्या उशाशी होती म्हणे. खुशीच्या मोबाईलमध्ये लेकीचा एक फोटो होता, टोपीतून बाहेर आलेले दोन गाल. माणिकबाईनं तो पाहिला नव्हता. दाखवायची हिंमतच झाली नव्हती, कारण त्या घरात मनोज होता आणि मनोजचा तो आवाज अजून खुशीच्या कानात होता.

अकोल्याला कार्यक्रम ठरला तेव्हा खुशीनं बहिणीला कळवलं. का कळवलं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मंजुषानं लिहिलं होतं, 'लांबूनच पाहीन दोघाले. तो मंचावरून उतराच्या आंधी निघून जाईन. त्याले सांगू नोको.' खुशीनं सांगितलं नव्हतं. पण आता ती खरोखर मैदानात येऊन उभी राहिली होती. या माणसानं तिला पाहिलं तर? चार लोकांत, हातात माईक असताना?

"चला बे," विपुल म्हणाला.

मैदान भरलं होतं. उन्हं उतरली होती, पण उजेड भरपूर होता. खुशी ढोलांमागे बसली आणि तिनं पहिली नजर पाणपोईकडे टाकली. वऱ्हाडात उन्हाचं निमित्त बारा महिने असतं. निम्म्या पोरींनी तोंडाला स्कार्फ गुंडाळले होते, फक्त डोळे उघडे. निळे, गुलाबी, ठिपक्यांचे. मग तो दिसला. पाणपोईच्या पत्र्याला टेकून, झेंडूच्या रंगाचा. एवढ्या लांबूनही तिची उभं राहायची तऱ्हा खुशीनं ओळखली. एका पायावर भार, दुसरा पाय घोट्याशी.

खुशीनं कानात कापूस घातला. मनोजनं डोळे मिटले. गाताना तो डोळे कधी उघडत नसे, आणि आज पहिल्यांदा त्या खोडीचं खुशीला बरं वाटलं.

तिनं काठ्या एकमेकींवर चार वेळा मारल्या आणि मैदान फुटलं.

विपुलच्या गिटारीनं समोरच्या खुर्च्या हलल्या. मनोज कमरेत वाकला, माईक दोन्ही हातांनी तोंडात कोंबला आणि त्याच्या पोटातून तो आवाज निघाला, खरखरीत, जाड, दगड घासत गेल्यासारखा. पोरं उठून उभी राहिली. मागच्या बाकांवरची भाषणं ऐकून पेंगुळलेली पोरंही पुढं धावली. ओमप्रकाश सर पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते आणि शेजारच्या पाहुण्यांच्या कानाशी लागून समजावून सांगत होते. काय समजावत असतील ते खुशीला इथूनही कळत होतं.

"दारू नोको!" एका कोपऱ्यातून पोरांनी सूर धरला. सरांनीच शिकवलं असणार.

"कमॉन!" दुसरा कोपरा ओरडला.

"दारू नोको!"

"मंजे, कमॉन!"

खुशी बडवत होती. घाम कापसापर्यंत पोचला. पिवळा स्कार्फ जागचा हलला नव्हता. मंजुषानं मोबाईल वर धरला होता, बहुतेक व्हिडिओ काढत होती. खुशीला एकदम बरं वाटलं. हे एक गाणं पार पडू दे. मग ती जाईल, हा उतरेल, झालं. तिनं झांजेवर काठी हाणली आणि उजवीकडची मोठी ठोक घेतली.

वीज गेली.

गिटार मध्येच तुटली. बास थांबला. भोंगे मुके झाले. खुशीच्या एकटीच्या काठ्या दोन ठोके पुढं गेल्या, उघड्या पडल्या, आणि तिनं हात वर धरून थांबवले. कानातला एक कापूस घामानं सुटून खांद्यावर पडला होता. समोर पोरं हसली, शिट्ट्या मारल्या, टाळ्यांचा ठेका चालूच ठेवला. "कमॉन! कमॉन!" कार्यकर्ते जनरेटरकडे पळाले.

मनोजला कळलंच नाही.

डोळे मिटलेले, माईक तोंडाशी, तो तसाच गात होता. पण आता त्या आवाजाच्या भोवती काहीच नव्हतं. भोंगा नव्हता, गिटार नव्हती, तिचे ढोल नव्हते. नुसता एका माणसाचा बसलेला गळा. समोरच्या टाळ्यांत तो पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. फक्त त्याच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर बसलेल्या खुशीला तो ऐकू आला.

"जाऊ नोको... मंजे, जाऊ नोको... अर्धी सरी राहिली वं तोडाची... काहून वं... मंजे, काहून..."

"कमॉन!" मैदान म्हणालं.

"काहून वं..."

"कमॉन!"

खुशीच्या काठ्या हवेतच राहिल्या.

वं. 'काहून वं', का गं, त्याचंच मैदानानं 'कमॉन' केलं होतं. आणि बाईमाणसाशी बोलतानाच तो वं येतो. दारूला कोणी वं म्हणत नाही. सोमवारलाही नाही. आणि मंजुषाला घरात मंजुषा असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं. आईची ती मंजू, खुशीची ताई. मंजे म्हणणारा एकच होता. "मंजे, पानी आन. मंजे, माहा शर्ट कुठी हाय?" दोन वर्षं ती हाक घरात निघाली नव्हती, म्हणून खुशीच्या कानानं ती मोडीत काढली होती. आणि तो ती वर्षभर हजारो लोकांसमोर मारत होता. गोदामात, गणपतीत, कॉलेजांत. ती त्याच्यावर काठ्या मारत होती. लोक नाचत होते.

 

जाऊ नोको.

जाऊ.

विहिरीवरचं इंजिन तिच्या कानात धडधडायला लागलं. तीच दुपार, तीच सडक, फुगलेल्या शिरा, उघडं तोंड. ती पुन्हा पुन्हा ऐकायचा प्रयत्न करू लागली. इंजिन धडधडत होतं आणि त्यावरून काय आलं होतं? "...ऊ नोको!" एवढंच. पहिलं अक्षर इंजिनानं खाल्लं होतं. ते तिनं भरलं होतं. स्वतःच. रागात होती, म्हणून जे हाताशी आलं ते. आणि फोनवर पोचतंही केलं.

"खुशे," रोहितनं बाजूनं हळूच म्हटलं. "काय झालं बे तुले?"

तिनं पाणपोईकडे पाहिलं. पत्रा मोकळा होता.

पिवळा स्कार्फ फाटकाच्या दिशेनं निघाला होता. वीज गेली म्हणजे कार्यक्रम थांबला, कार्यक्रम थांबला म्हणजे तो आता खाली उतरणार, असा हिशेब मंजुषानं केला असणार. ती भरभर चालत होती, मान खाली घालून, खुर्च्यांच्या कडेकडेनं. घाबरलेलं माणूस चालतं तशी. त्याला घाबरलेलं.

खुशी उभी राहिली. मागचं स्टूल कलंडलं.

"ताई!" ती ओरडली. "ताई, जाऊ नोको!"

त्याच क्षणी जनरेटर लागला. भोंगे किंचाळले. विपुलनं गिटारीवर हात मारला आणि मैदानानं एकच आरोळी ठोकली. पुढच्या रांगेतल्या पोरांनी ढोलांमागे उभी राहून हात हलवणारी, बोंबलणारी पोरगी पाहिली आणि त्यांना जे ऐकायचं ते ऐकू आलं.

"दारू नोको!" त्यांनी हात वर करून तिला साथ दिली. "दारू नोको!"

"जाऊ नोको!"

"दारू नोको! कमॉन!"

ओमप्रकाश सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. बिल्लेवाला नाचत होता. मनोज डोळे मिटून पुन्हा माईकमध्ये वाकला होता आणि तिच्या ढोलांची वाट पाहत होता. विपुल मान वेळावून विचारत होता, ठोक नं, ठोक. पिवळा स्कार्फ एकदाही वळला नाही.

खुशीनं आणखी एकदा तोंड उघडलं. मग मिटलं. ओरडून काही होत नव्हतं. ओरडूनच तर सगळं झालं होतं.

तिनं काठ्या ढोलावर ठेवल्या, मंचाच्या मागच्या बाजूनं उडी मारली आणि पळत सुटली. कापडी आडोसा, वायरींचा गुंता, पाण्याचे जार. कोणीतरी "ओ ताई, ओ ढोलवाल्या ताई" म्हणून हाक मारली. तिचा एक पाय वायरीत अडकला. तिनं सँडल तिथंच सोडली. मंचावरून गिटार आणि बास येत होते, ठेका नसल्यानं एकमेकांना शोधत असल्यासारखे, आणि त्यांच्यावरून मनोजचा आवाज. आता तो एवढा उघडा पडला होता की ऐकणाऱ्याला ऐकू आला असता. पण ऐकणारे ओरडत होते.

फाटकाबाहेर सायकल-स्टँडच्या कडेला किशोर मोटरसायकलवर बसला होता. गाडी चालू होती. त्याच्या पोटाशी ओढणीत बांधलेली लेक झोपली होती, कानांवर लोकरीची टोपी ओढलेली. मंजुषानं एक पाय पायदानावर ठेवला होता आणि हेल्मेट हातात घेतलं होतं.

खुशी सरळ गाडीवर जाऊन आदळली. तिनं हात घालून चावी फिरवली आणि काढून मुठीत घेतली. इंजिन बंद झालं.

"आवो, काय करता?" किशोर दचकला. लेकीनं झोपेत तोंड वाकडं केलं.

"काय वं, खुशे?" मंजुषाचे डोळे स्कार्फातून मोठे झाले होते. "कार्यक्रम सोडून आली? त्यानं पाह्यलं का मले?"

"नाई."

"मंग? येऊन राहिला का तो इकडे?"

"नाई म्हनलं नं!"

खुशीला धाप लागली होती. पायाखालचे खडे टोचत होते. समोर उभी असलेली ही बाई दोन वर्षांत बारीक झाली होती, मनगटाची हाडं वर आली होती, आणि तिच्या अंगाला दुधाचा वास येत होता.  खुशी एका सँडलीवर उभी होती.

"त्या दिवशी," तिनं सुरुवात केली. "दादा सडकेवर ओरडला होता. मीनं फोनवर सांगलं होतं तुले."

मंजुषाची नजर खाली गेली. "मालूम हाय. येऊ नोको म्हने. आता कायले काढून राहिली ते?"

"तसं नोयतं ते."

"मंग कसं होतं?"

मैदानातून पुन्हा आरोळी आली. कमॉन. मंजुषानं तिकडं पाहिलं, मग खुशीकडं. "मले तं आजबी काई समजलं नाई बाप्पा. कमॉन कमॉनच करून राहिला तो. अन् दारूचं काईतरी."

खुशीनं हात पुढं केला. बहिणीच्या कानावरचा स्कार्फ तिनं दोन बोटांनी खाली ओढला. कानात तेच जुनं, आईनं केलेलं बारीक सोन्याचं फूल होतं. खुशीनं तोंड त्याच्या अगदी जवळ नेलं, आणि सगळ्या जन्मात कधी बोलली नव्हती इतक्या हळू, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली,

"जाऊ नोको."

मंजुषानं मान मागं घेऊन तिच्याकडं पाहिलं. मग हेल्मेट गाडीच्या टाकीवर ठेवलं आणि खुशीच्या घामानं चिकटलेल्या केसांवरून हात फिरवला.

"बरं माय, नाई जात. थांबतो पाच मिनिटं. रडू नोको. पन तो काय म्हनून राहिला होता, ते तं सांग."

"तेच तं सांगून राहिली," खुशी म्हणाली.